आधी हवा तापवा

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, हे आयटीआयच्या पहिल्या आठवड्यातच शिकवतात. प्लग नाही, कॉइल नाही. हवा दाबायची, दाबलेली हवा तापते, त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेलने 1897 मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गला हे करून दाखवलं, आणि तेव्हापासून आजच्या पोकलेनपर्यंत मूळ तत्त्व तेच आहे. साताऱ्यात शिकताना मी हे पाठ केलं आणि परीक्षेत लिहून पासही झालो. सगळा कारभार ‘दाबलेली हवा तापते’ या तीन शब्दांवर उभा आहे, आणि ती किती तापणार हे आत येताना ती किती थंड होती यावर ठरतं, हे मला खऱ्या अर्थाने उमगलं ते लडाखमधल्या द्रासला.

मी खासगी सर्व्हिस मेकॅनिक आहे. पोकलेन, व्हील लोडर, डोझर, ग्रेडर, कॉम्प्रेसर, जनरेटर, जे डिझेलवर चालतं त्याला माझा हात लागतो. गेली बरीच वर्षं माझा हिवाळा सोनमर्ग ते लेह या रस्त्यावर कुठे ना कुठे जातो. मध्ये झोजी ला, 11,575 फुटांवर. पूर्वी हा घाट वर्षातले पाच-सहा महिने बंद असायचा. सीमा सडक संघटनेने बर्फ हटवण्याचा वेग वाढवत नेला आणि 2022 मध्ये तो 73 दिवसांनी, 2023 मध्ये 68 दिवसांनी उघडला. या संघटनेच्या दलाचं केंद्र आपल्या पुण्यात, दिघीला आहे, त्यामुळे तिथल्या कॅम्पात अवचित मराठी कानावर पडतं. हे जे दिवस वाचले त्यात माणसांची हिंमत आहेच, पण ती मशिनं रोज पहाटे सुरू झाली हेही आहे. उणे 25 अंशांत रात्रभर उघड्यावर उभं राहिलेलं मशिन सकाळी सहाला सुरू झालं नाही, तर त्याच्या मागे लागलेली ट्रकांची रांग, त्यातला भाजीपाला, गॅस सिलिंडर आणि एखाद्या वेळी रुग्णसुद्धा अडकून पडतो. म्हणून मला हा विषय जिव्हाळ्याचा वाटतो, आणि त्याबद्दल जितकं लिहिलं-बोललं जायला हवं तितकं जात नाही असंही वाटतं.

सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं, तेच सिलिंडरमध्ये घडतं, फक्त कितीतरी जोरात. सोळा-सतरा पट दाबलेली हवा कागदावरच्या हिशेबाने, बाहेर 30 अंश असताना, साडेसहाशे अंशांच्या पुढे जाते. बाहेर उणे 25 असेल तर तोच हिशेब पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. पण हा कागद झाला. प्रत्यक्षात सिलिंडरचं लोखंड बर्फासारखं गार असतं, ते हवेची ऊब शोषून घेतं. गारठलेलं ऑइल काकवीसारखं घट्ट झालेलं असतं, त्यामुळे स्टार्टर इंजिनाला हळू फिरवतो. हळू फिरलं की दाबल्या जाणाऱ्या हवेला रिंगांच्या फटींतून निसटायला भरपूर वेळ मिळतो. शिवाय लेहसारख्या 3,500 मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. आत येणारी हवाच कमी, त्यामुळे तिच्यातली थोडीशी ऊब गार भिंती चटकन पिऊन टाकतात, आणि विरळ हवेत डिझेल पेटायला वेळही जास्त घेतं. एवढ्या सगळ्या गोष्टी एकाच बाजूने उभ्या ठाकल्या की पिस्टन वर येतो, नोझल फवारा सोडतं, आणि पेटत काहीच नाही.

यावर इंजिन बनवणाऱ्यांनी काढलेला उपाय फार साधा आहे आणि मला तो फार आवडतो. हवा दाबण्याआधीच थोडी तापवून घ्यायची. आत जाताना तिचं तापमान एक अंशाने वाढवलं, तर दाबाच्या शेवटी ते दोन अंशांहून अधिक वाढलेलं मिळतं. सुरुवातीची थोडी ऊब शेवटी व्याजासकट हाती येते. छोट्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला ग्लो प्लग असतो. मोठ्या इंजिनांत बहुतेक ठिकाणी मॅनिफोल्डच्या तोंडाशी एकच हीटर बसवतात. जुन्या ट्रॅक्टर-कॉम्प्रेसरच्या इंजिनांवर लुकास सीएव्हीचा थर्मोस्टार्ट असायचा. त्यात मॅनिफोल्डच्या आतच डिझेलचे थेंब पेटवून छोटी ज्योत करत. तीही मी हाताळली आहे. पण आज बर्फात जे भेटतं ते इलेक्ट्रिक ग्रिड हीटर.

तो काढून हातात घेतला तर दिसायला किरकोळ वस्तू आहे. तळहाताएवढी धातूची चौकट, तिच्या आत नागमोडी वळणं घेत गेलेली पातळ पट्टी, पट्टीची टोकं चौकटीला चिकटू नयेत म्हणून बसवलेले इन्सुलेटर, आणि बाहेर डोकावणारा एक जाड बोल्ट, ज्यावर केबल येते. चावी ‘ऑन’ केली की कंट्रोल युनिट मॅनिफोल्डमधल्या सेन्सरला विचारतं, किती थंड आहे? थंडी असेल तर ते रिलेला हुकूम देतं, रिले ‘टक्क’ करून बसतो, आणि 24 व्होल्टच्या मशिनवर शंभर अँपियरच्या आसपास करंट त्या पट्टीतून धावतो. पट्टी लाल होते. डॅशबोर्डवरचा थांबण्याचा दिवा दहा, वीस, कधी तीस सेकंद जळून विझतो, आणि मगच सेल्फ मारायचा. सेल्फ मारताना बहुतेक इंजिनांत हीटर बंद होतो, कारण बॅटरीची सगळी ताकद तेव्हा स्टार्टरला हवी असते. पण पट्टी तापलेली असते, पहिली हवा तिच्यावरून जाते आणि गरम होते. इंजिन सुरू झाल्यावर हीटर पुन्हा चालू-बंद होत राहतो, पांढरा धूर संपेपर्यंत.

या पांढऱ्या धुराकडे आधी बघायला शिकावं, असं मी माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतो. सेल्फ फिरतोय, इंजिन उचलत नाही, आणि सायलेन्सरमधून डोळ्यांना झोंबणारा दाट पांढरा धूर येतोय, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पेटत मात्र नाही. तिथे हीटरचा माग घ्यायचा. सेल्फ फिरतोय आणि धूरच नाही, तर डिझेलच पोचत नाही. हीटरला हात लावायची गरज नाही, फिल्टर उघडा, त्यात मेण साचलं असेल. पूर्वी इकडे डिझेल गोठायचं म्हणून लोक त्यात केरोसीन मिसळायचे. नोव्हेंबर 2019 मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे 33 अंशांपर्यंत ओतण्याजोगं राहतं. त्यामुळे दुसऱ्या प्रकारचं दुखणं बरंच कमी झालं. पण अजूनही कोणी खालून भरून आणलेल्या टाकीतल्या साध्या डिझेलवर मशिन वर आणतो आणि हीटर बदलायला सांगतो.

हीटर बदलायला सांगतो, यावरच मला खरं बोलायचं आहे. इतक्या हिवाळ्यांत मला खरोखर तुटलेले, जळालेले हीटर भेटले, पण ते थोडे. बहुतेक वेळा हीटर ठणठणीत असतो आणि दोष त्याच्यापर्यंत जाणाऱ्या किंवा त्याच्यापासून परत येणाऱ्या वाटेत असतो. तरी बिचाऱ्याला काढून फेकलं जातं, कारण ती दिसणारी वस्तू आहे, तिचा पार्ट नंबर आहे, ती मागवता येते. गंजलेल्या जोडाला पार्ट नंबर नसतो.

द्रासच्या पुढे एका व्हील लोडरवर मला बोलावलं. ऑपरेटर हिमाचलचा, वयाने मोठा, हात अत्यंत स्वच्छ. म्हणाला, “उस्ताद, हीटर दो बार नया डाला, बत्ती भी जलती है, फिर भी सफेद धुआँ।” पहाटे इंजिन अर्धा तास रडवायचं. आधीच्या मेकॅनिकने मल्टिमीटर लावून बघितलं होतं, हीटरच्या बोल्टवर जवळजवळ पूर्ण 24 व्होल्ट. त्याचं म्हणणं, करंट येतोय, हीटर चांगला आहे, म्हणजे पंप गेलाय. पंप काढायची तयारी झाली होती. तेवढा मोठा पंप त्या थंडीत उघड्यावर काढायचा म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.

मी करंट मोजायचा टाँग टेस्टर हीटरच्या केबलला लावला आणि त्याला चावी ऑन करायला सांगितलं. रिले बसल्याचा आवाज आला, कॅबमधला दिवा किंचित मंद झाला, आकडा सत्तरच्या खाली. शंभरच्या जागी सत्तर. कोणाला वाटेल, सत्तर टक्के तर चालू आहे. पण विजेची उष्णता करंटच्या वर्गाने मोजली जाते. सत्तर टक्के करंट म्हणजे निम्मीच ऊब. उणे पाच अंशांत त्याने भागलं असतं, उणे पंचवीसमध्ये निम्म्या उबेवर इंजिन उचलत नाही.

मग मीटरची एक पिन हीटरच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर न ठेवता हीटरच्याच अर्थच्या टोकावर ठेवली. सतरा व्होल्ट. बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली की चोवीसच्या आसपास, स्वतःच्या अर्थवर ठेवली की सतरा. उरलेले सात व्होल्ट परतीच्या वाटेत कुठे तरी अडत होते. त्या इंजिनावर हीटरला अर्थसाठी वेगळी आखूड पट्टी होती, मॅनिफोल्डजवळच्या एका बोल्टखाली आवळलेली. बोल्ट सोडला. पट्टीच्या टोकाच्या लगचा तांब्याचा रंग जांभळट काळा पडलेला, आणि त्याच्याखाली पिवळा रंग. इंजिन ओव्हरहॉल करून आणताना कोणी तरी हौसेने सगळ्यावर स्प्रे मारला होता आणि रंगावरच लग आवळला होता. हवेला मिळायची ती उष्णता त्या रंगाच्या थरात जळत होती. तिथे खरवडून लोखंड उघडं केलं, लग पॉलिश पेपरने घासला, दातेरी वॉशर घातला, आवळला, वर ग्रीसचा हात फिरवला. स्टार्टरला त्रास नव्हता, कारण त्याची अर्थ केबल वेगळी आणि जाड होती, म्हणून कोणाचं अर्थकडे लक्षच गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे दिवा विझल्यावर इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यात बोललं. तो ऑपरेटर पुढचे अनेक दिवस भेटेल तिथे चहा पाजायचा.

तेव्हापासून माझ्या पद्धतीत टेस्ट लॅम्पला हीटरच्या कामात जागा नाही. टेस्ट लॅम्पला जळायला अर्धा अँपियरसुद्धा लागत नाही. शंभर अँपियर वाहून नेणारी केबल आतून सडून तिच्या चारच तारा शिल्लक असल्या तरी दिवा झकास लागतो. ओहममीटरही इथे उपयोगाचा नाही. या हीटरचा रोध पाव ओहमच्या आसपास असतो, साध्या मीटरच्या पिनांचाच रोध तेवढा होतो. काम चालू असताना मोजावं, पूर्ण भार असताना मोजावं. बॅटरी पॉझिटिव्हपासून हीटरच्या बोल्टपर्यंत किती व्होल्ट गळतात, हीटरच्या अर्थपासून बॅटरी निगेटिव्हपर्यंत किती गळतात, दोन्ही बाजूंनी अर्ध्या व्होल्टच्या आत हवेत. मीटर नसेल तर चावी ऑन करून अर्धा मिनिट द्यावा, मग चावी बंद करून एकेक जोड बोटाने चाचपावा. जो गरम, तो चोर. बर्फातल्या थंडीत एवढं एकच निदान हात बाहेर काढून करायला बरं वाटतं.

रिलेची गोष्ट उलटी आहे. तिथे करंट न मिळणं हा छोटा दोष, आणि सतत मिळणं हा मोठा. शंभर अँपियर जोडताना-तोडताना रिलेच्या आतल्या टिकल्यांवर प्रत्येक वेळी ठिणगी पडते. टिकल्या खडबडीत होतात आणि एखाद्या दिवशी एकमेकींना चिकटून बसतात. मग चावी काढली तरी हीटर चालूच. इंजिन बंद असताना पट्टीवरून हवा जात नाही, ती थंड व्हायला वाव नाही. सकाळी बॅटरी मेलेली मिळते, ती तर परवडली. पण पट्टी पांढरट होऊन लोंबते, ठिसूळ होते, आणि नंतर चालत्या इंजिनाच्या कंपनात तिचा तुकडा सुटला तर जायला एकच दिशा असते, सिलिंडरच्या आत. अशा एका इंजिनाचं हेड मी उघडलं आहे. पिस्टनच्या माथ्यावर ठोक्यांच्या खुणा, व्हॉल्व्हची कडा वाकलेली, लायनरवर उभे ओरखडे. पट्टीचा उरलेला तुकडा नखाएवढा होता, ठेचून ठेचून चकाकलेला. म्हणून इंजिन बंद केल्यावर रिले सुटल्याचा ‘टक्क’ आवाज ऐकायची सवय ऑपरेटरला लावावी, आणि हीटर काढलाच तर पट्टी बोटाने हलवून बघावी. बोल्टचा नट ढिला, इन्सुलेटरला चीर, पट्टीवर काळा चिकट लेप, यातलं काहीही दिसलं तर तो परत बसवू नये. तो लेप येतो क्रँककेसच्या वाफेतल्या ऑइलमधून आणि काजळीतून. त्यावर धूळ बसली की पट्टी आणि चौकट यांच्यात नको तिथे वाट तयार होते.

सेन्सरचा दोष मात्र शांत असतो. कंट्रोल युनिटला ‘बाहेर 28 अंश आहे’ असं सांगणारा सेन्सर असेल तर ते हीटर लावणारच नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. हा सेन्सर थंडीत रोध वाढवतो, उन्हात कमी करतो. वायर तुटली तर युनिटला वाटतं भयंकर थंडी आहे, वायर अर्थला चिकटली तर वाटतं तापलंय. हे पकडण्याची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे पहाट, चावी ऑन, इंजिन सुरू करण्याआधी. रात्रभर उभ्या असलेल्या मशिनचं पाणी, ऑइल, मॅनिफोल्डमधली हवा, सगळं एकाच तापमानाला आलेलं असतं. लॅपटॉपवर किंवा डिस्प्लेवर सगळे आकडे शेजारी शेजारी बघावेत. चार सेन्सर उणे 21, उणे 20 म्हणताहेत आणि एक अधिक 28 म्हणतोय, तर निदान झालं. दुपारी, मशिन चालून गरम झाल्यावर, हेच शोधायला अर्धा दिवस जातो.

आणि बॅटऱ्या. उणे 18 अंशांत बॅटरी आपल्या ताकदीच्या निम्म्याच्या आसपास येते, आणि त्याच वेळी घट्ट ऑइलमुळे इंजिन फिरवायला दुप्पट-अडीचपट जोर लागतो. उतरलेल्या बॅटरीतलं पाणी उणे आठ-दहा अंशांनाच गोठायला लागतं, भरलेल्या बॅटरीतलं उणे साठच्या आसपास. म्हणजे थंडीत बॅटरी भरलेली ठेवणं हेच तिचं रक्षण. इकडे एक चीड आणणारी गोष्ट सर्रास दिसते. 24 व्होल्टच्या मशिनमध्ये दोन बॅटऱ्या मालिकेत असतात, आणि कॅबमधला गाण्यांचा डेक 12 व्होल्टचा. मग त्यातल्या एकाच बॅटरीवरून त्याची वायर ओढतात. ती बॅटरी रोज जास्त उतरते, दुसरी जास्त भरते, आणि पहिल्या खऱ्या थंडीत दोन्ही दगा देतात. हीटरने अर्धा मिनिट शंभर अँपियर खाल्ल्यावर सेल्फला उरतंच काय? लोक म्हणतात हीटरने बॅटरी खाल्ली. बॅटरी आधीच खाल्लेली होती. डेक काढा असं मी कधीच म्हणत नाही, उणे तापमानात बारा तास एकट्याने बर्फ लोटणाऱ्या माणसाला गाणी हवीतच. पण चोवीसचं बारा करणारा छोटा कन्व्हर्टर बाजारात मिळतो, तो लावा.

हे सगळं नीट नसलं की माणसं जे करतात त्याची मला भीती वाटते. पहिलं म्हणजे ईथरचा स्टार्टिंग स्प्रे, किंवा पेट्रोलचा बोळा एअर क्लीनरच्या तोंडाशी धरणं. ईथर 160-170 अंशांना आपोआप पेटतं. मॅनिफोल्डच्या आत लालभडक झालेली पट्टी आहे आणि तुम्ही बाहेरून ईथर सोडताय. स्प्रेच्या डब्यावर इशारा असतो, इंजिनावरच्या स्टिकरवरही असतो, पण डबा बर्फात ओला होतो आणि स्टिकर रंगाखाली जातो. मी मॅनिफोल्डचा नळ फाटलेला पाहिला आहे, एअर क्लीनरचं झाकण दूर उडून पडलेलं पाहिलं आहे, आणि भाजलेल्या चेहऱ्याचा एक पोरगा कारगिलच्या दवाखान्यात पाहिला आहे. झारखंडच्या दुमकाकडून रस्त्याच्या कामाला आलेला तो मजूर, कोणीतरी ‘मार स्प्रे’ म्हणालं म्हणून त्याने मारला होता. त्याला ना हीटर माहीत, ना ईथर. ज्या मशिनला हीटर आहे त्या मशिनवर स्प्रेचा डबा चढूच द्यायचा नाही, हा माझा नियम मी साइटवरच्या कोणाशीही भांडून पाळतो.

दुसरा प्रकार म्हणजे ऑइल सम्पच्या खाली आग. डब्यात डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी पेटवून खाली सरकवायची, किंवा ब्लो लॅम्प मारायचा. जुन्या ट्रकवाल्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे आणि त्या काळी त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण आजच्या इंजिनाच्या पोटाखालून वायरिंगचा जुडगा जातो, प्लास्टिकचे नळ जातात. तिसरा प्रकार, रात्रभर इंजिन चालूच ठेवायचं. तासाला दोन-तीन लिटर डिझेल जातं हा खर्चाचा भाग झाला. त्याहून वाईट, रिकाम्या फिरणाऱ्या गार इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, लायनर धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं, आणि ऑइल पातळ होतं. वसंतात त्याच इंजिनाची बेअरिंग माझ्याकडे येतात.

मात्र ऑपरेटरला दोष देण्याआधी मशिन कुठून आलं ते बघावं. आपल्या महाराष्ट्रातल्या एका रस्त्याच्या कामावरून वर आलेला पोकलेन मी तपासला. हीटरच्या बोल्टवर केबलच नव्हती. केबलचं टोक काढून काळी टेप गुंडाळून बाजूला बांधून ठेवलेलं, फ्यूजही काढून घेतलेला. कोणाची चूक? महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की आपल्याकडे वर्तमानपत्रात फोटो येतो. अशा मुलखात ज्या भागाचा वर्षानुवर्षं एकदाही उपयोग झाला नाही, तो भाग कधीतरी त्रास देतो तेव्हा मेकॅनिक त्याची केबल काढणारच. त्याच्यापुरतं ते बरोबरच होतं. पण मशिन लो-बेडवर चढवून उत्तरेला पाठवताना ते कोणी कोणाला सांगितलं नाही. मशिनच्या वहीत लिहिलेलं नव्हतं. ऑक्टोबरात ते कारगिलला उतरलं, छान चाललं, आणि डिसेंबरात उभं राहिलं.

म्हणून माझं हीटरचं काम थंडीत नसतंच. गणपती गेले की मी यादी काढतो. लडाखमध्ये तेव्हा दिवसा ऊन असतं, हात चालतात, नट गोठलेले नसतात, आणि पार्ट पुण्याहून किंवा दिल्लीहून मागवले तर रस्ता बंद व्हायच्या आत पोचतात. हीटर काढून बघायचा, पट्टी हलवायची, इन्सुलेटर बघायचे, रिले भारावर तपासायचा, दोन्ही अर्थ खरवडून नव्याने आवळायचे, सेन्सरचा कनेक्टर धुऊन वाळवायचा, बॅटऱ्यांची जोडी वयाने सारखी आहे का ते बघायचं, ऑइल 15W-40 काढून थंडीचं पातळ ऑइल भरायचं. अडचण एवढीच, की ऊन असताना हीटर कंट्रोल युनिटच्या हुकमाने लागत नाही. त्याला लॅपटॉपवरून जबरदस्तीने चालू करावं लागतं, किंवा सेन्सरचा कनेक्टर काढून युनिटला थंडी वाजते असं भासवावं लागतं. मालक विचारतो, दादा, उन्हाळ्यात हीटर कशाला तपासता? माझ्याबरोबरचा इस्लामपूरचा पोरगा आता मला बोलू न देता स्वतःच त्यांना समजावतो, आणि माझ्यापेक्षा बरं समजावतो.

नवा ऑपरेटर चढला की मी त्याला कॅबमध्ये शेजारी बसून एवढंच दाखवतो. चावी ऑन. दिवा लागला. कॅबचा लाइट मंद झाला का बघ, झाला म्हणजे हीटर खरोखर खातोय. रिले ऐक. दिवा विझेपर्यंत चावीवरून हात काढ. बर्फात अर्धा मिनिट फार मोठा वाटतो, पाय बधिर झालेले असतात, मागे अधिकारी उभा असतो, आणि घाई होते. दिवा विझला की लगेच सेल्फ, नंतर बिडी. उलटं केलं तर पट्टी पुन्हा गार. पहिल्या खेपेला नाही उचललं तर सेल्फ मारत राहायचं नाही, चावी बंद, पुन्हा पूर्ण दिवा. लडाखी ऑपरेटर हे एका दमात शिकतात. थंडीत वाट कशी बघायची हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही. खालून आलेल्यांना जरा वेळ लागतो.

यंदाची यादी गेली आहे. रिले आणि अर्थच्या पट्ट्या जास्तच मागवल्या आहेत, हीटर मोजकेच. आणि ज्यांची मशिनं पावसाळ्यानंतर महाराष्ट्रातून इकडे येणार आहेत अशा ओळखीच्या सगळ्या मालकांना मी एकच निरोप धाडला आहे: लो-बेडवर चढवण्याआधी बॉनेट उघडा, मॅनिफोल्डवरच्या त्या बोल्टला केबल आहे का बघा, नसेल तर ती का काढली हे तुमच्या मेकॅनिकला विचारा, आणि तो जे सांगेल ते वहीत लिहून मशिनबरोबर पाठवा.